आधीच्यांचा कातळ

ठाकरांच्या निरगुडवाडीच्या ओहळात पायरीसारखा एक सपाट कातळ आहे. त्यावर कुणी धुणं धूत नाही, चप्पल घालून पाय ठेवत नाही. का, ते वाडीतली जुनी माणसं सांगतात. पण उसासा टाकून. सांगणारे थकले, ऐकणारे काही सुधारले नाहीत.

फार पूर्वी घाटावर मोठा दुष्काळ पडला, म्हणे. तेव्हा रायाजी पाटील चार घरं घेऊन खाली उतरला. भुकेपोटी त्यांनी रानातले कडूकंद उकडून तसेच खाल्ले आणि पोरं ओकून ओकून आडवी पडली. वाडीतल्या ठाकरांच्या सोमीनं ती वाचवली. काप करून राखेच्या पाण्यात उकडायचे, मग रात्रभर वाहत्या ओहळात ठेवायचे, तेव्हा कुठं कंदाचं विष उतरतं, हे तिनं दाखवलं.

रायाजीनं हात जोडले. "आई, तुमी कोन लोक?"

"माणसंच हाव आमी," सोमी म्हणाली.

"तुमी आमच्या आधीचे," रायाजी म्हणाला. मानानं तेच नाव पडलं.

पुढं रायाजीच्या लोकांचं गाव वसलं, खाचरं पिकली, देऊळ उभं राहिलं. गरज सरो, वैद्य मरो! भात खाता खाता गाव कंदाची कृती विसरलं आणि आधीच्यांना 'रानटी' म्हणू लागलं. रायाजीच्या सुनेनं, येसूनं, सोमीला देवळाच्या पायरीवरून हाकललं.

मग पुन्हा पाऊस रुसला. येसू उपाशी लेकरू काखेत घेऊन ओहळावर आली. सोमी आता फार म्हातारी झाली होती. चढउताराला थकली होती, आणि माफ करायलाही.

"रागवायलाबी बळ नाय बाय," ती म्हणाली. "पन रानटी म्हनलीस तर उठवत नाय. पयल्या नावानं बोलाव."

येसू रडत म्हणाली, "आधीच्या आई, उठा."

सोमी उठली. रात्रभर कातळावर बसून तिनं गावाला पुरतील एवढे कंद पाण्यात राखले. सकाळी पोरं जेवली. सोमी मात्र कातळावरून पुन्हा उठली नाही, असं सांगतात.

आजही जत्रेत देवीची पालखी त्या कातळाशी थांबते. पाटील हाक देतो, "आधीचे हो, येऊ का?" होकार आल्याशिवाय पालखी पाणी ओलांडत नाही. कागदावर वाडीच्या लोकांना कधी 'जंगली' लिहिलं, आता 'आदिवासी' लिहितात; गावाच्या तोंडी मात्र उरलेलं वर्षभर 'रानटी'च. हे वाडीला ठाऊक असतं. तरी कुणी म्हातारं माणूस गुडघ्यांवर हात टेकून उठतं, पालखीपुढं नाचून दमलेली, तहानलेली पोरं बघतं आणि म्हणतं, "या."