सनईचे लाकूड

तडा गेलेली सनई उपरण्यात गुंडाळून तुळाजी एकदा एका वृद्ध कातार्‍याच्या दारी आला. अंतोबा त्या कारागिराचे नाव. लाकूड कातण्यात त्याचा जन्म गेला होता. तुळाजीच्या वडिलांची, धाकोजींची, ती सनई त्यानेच चाळीस वर्षांपूर्वी रक्तचंदनात घडवली होती. आणि सनईच्या तोंडाला बसणारी, फुंकायची पत्ती कशी तासावी, हे तुळाजी त्याच्याच हाताखाली शिकला होता.

धाकोजी निवर्तल्यावर देवीच्या देवळातली पहाटेची सनई तुळाजीकडे आली. वर्षभर गावाला सुरात फरक जाणवला नाही. मग एकदा देवळाच्या पायर्‍यांवर त्याचा पाय घसरला आणि सनई या टोकापासून त्या टोकापर्यंत तडकली. त्याने दूरच्या वखारीतून तसेच रक्तचंदन आणले, शहरातल्या एका कारागिराकडून नवी सनई करवून घेतली. दिसायला ती अगदी तशीच होती, पण सूर किरटा निघाला. देवळाचे गुरव म्हणाले, धाकोजींचा सूर त्या लाकडाबरोबरच गेला. तुळाजीलाही ते पटले. त्याने वाजवणे सोडले. तीन महिने देवळात पहाट मुकीच उजाडत होती.

त्याने अंतोबाला एकच विचारले, ते जुने चंदन कोणत्या रानातले होते?

अंतोबाने उपरणे सोडले. तडकलेली सनई त्याने ओल्या चिंध्यांनी घट्ट आवळली, भोके बुजवली आणि आत वितळलेले मेण ओतले. मेण थिजल्यावर त्याने पटाशी उचलली. तुळाजीने त्याचा हात धरला.

"काका, आबांची एवढीच खूण उरलीय माझ्यापाशी."

"हात सोड," अंतोबा म्हणाला आणि त्याने सनई उभी फोडली.

ढलप्या भुईवर पडल्या. हाती राहिली मेणाची एक कांडी, वर निमुळती, खाली रुंदावत गेलेली, मध्ये किंचित फुगीर. अंतोबाने अडगळीतून मोडक्या बैलगाडीच्या चाकाचा एक बाभळीचा आरा काढला आणि तो कातायला बसला. पाच दिवस तो आरा आतून कोरत होता. घटकेघटकेला कांडीशी माप ताडून पाहत होता. तुळाजी ओसरीवर बसून राही. बापाची वस्तू डोळ्यांदेखत फुटली, हे त्याला गिळवत नव्हते आणि तिथून उठवतही नव्हते.

पाचव्या दिवशी अंतोबाने नवी सनई त्याच्या पुढ्यात ठेवली. तुळाजीने नाइलाजाने आपली नेहमीची पत्ती तिला बसवली आणि फुंकर घातली. तिसर्‍या सुराशी तो थांबला. त्याने सनई मांडीवर ठेवली आणि उपरण्यात तोंड लपवले. सूर आबांचाच होता.

अंतोबा म्हणाला, "शहरातल्या कारागिराने चंदन तेच घेतले, पण आतली पोकळी सरळ कोरली. पत्ती तुझीच, श्वास तुझाच, तरी सूर फिरला. बाबा, सनईत वाजते ती आतली हवा. लाकूड तिच्याभोवतीची भिंत."

"मग चंदनाचे काहीच नाही?"

"आहे ना. ते हाताला गुळगुळीत लागते, दमट हवेत सहसा फुगत नाही. पण नुसत्या कानाने लाकूड ओळखणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. हे मी नुसते सांगितले असते, तर तू दुसरे रान शोधत गेला असतास."

तुळाजीने डोळे पुसले. मग त्याने ती मेणाची कांडी उचलली, कपाळाला लावली आणि ती आपल्याला द्याल का, असे विचारले. घरी देव्हार्‍यात ठेवीन म्हणाला.

अंतोबा भुईवरचा बाभळीचा भुसा झाडू लागला.

तुळाजीने हातातल्या कांडीकडे पाहिले. बोटांच्या उबेने ती आताच मऊ पडू लागली होती. तिचा आकार तर नव्या सनईच्या पोकळीत उतरलाच होता. त्याने ती हलकेच मेणाच्या भांड्यात सोडली, भांडे विस्तवावर ठेवले आणि सनई घेऊन गावाची वाट धरली.