रानरेड्याच्या पोटातली गुडगुड

एका जंगलात एक रानरेडा राहत असे, आणि तो अगदी एकटा राहत असे. मुलांनो, रेडे-म्हशी कळपात राहतात हे तुम्हांला ठाऊक आहेच. एकाच डबक्यात अंगाला अंग लावून लोळायचं, एकीने अर्धवट सोडलेलं गवत दुसरीने खायचं, यात त्यांना काही वावगं वाटत नाही. या रेड्याला मात्र वाटे. "मी कुणाचं उष्टं खात नाही," असं तो नाक मुरडून म्हणे. म्हशींनी ढवळलेलं पाणी त्याला चालत नसे, आणि चिखल पाहिला की तो चार पावलं मागे सरके. रेड्याच्या जन्माला येऊन चिखलाची किळस! शेवटी एका सकाळी तो कळप सोडून टेकडीवर गेला. तिथे कुणाचं तोंड न लागलेलं गवत होतं आणि स्वतःचा असा एक झरा होता.

टेकडीवर बोलायला कुणी नव्हतं. एक बगळा कधीमधी पाठीवर येऊन बसे, त्यालाही तो शेपटी मारून हाकलून देई. संध्याकाळी खालच्या कुरणातून म्हशींचं रेकणं ऐकू येई. मग तो मान दुसरीकडे वळवी, पण कान मात्र तिकडेच राहत. म्हशी गप्प झाल्या की सगळं रान शांत होई आणि एकच आवाज उरे, तो म्हणजे त्याच्या पोटातली गुडगुड. "गप्प बस!" तो पोटावर डाफरे.

"कुणाला गप्प करतोस, ठाऊक आहे का?" एकदा बगळ्याने फांदीवरून विचारलं. "तुझ्या पोटात इवले इवले जीव राहतात. डोळ्यांना दिसणार नाहीत इतके लहान. मोठी वस्ती आहे त्यांची तिथे."

"माझ्या पोटात? मला न विचारता?"

"तू वासरू होतास ना, तेव्हाच आले ते. आई चाटत होती ना तुला!"

रेड्याला शिसारी आली. टेकडीवर कडूजहर सालीचं एक झाड होतं. जखम चिघळली की कळपातले रेडेही ती साल चघळत, पण सर्वांत म्हाताऱ्या म्हशीला विचारून आणि ती सांगेल तेवढीच. या रेड्याला ना जखम होती, ना ताप. तरी त्याने झाडाला वळसा घालत घालत पोटभर साल खाल्ली. दुसऱ्या दिवशी त्याचं पोट गप्प झालं. "आता मी खरा स्वच्छ झालो," असं म्हणून तो ऐटीत चरायला गेला.

पण खाल्लेलं गवत पोटात तसंच पडून राहू लागलं. रवंथ बंद झाला. पोट टम्म फुगलेलं आणि अंग मात्र उपाशी, असं त्याचं झालं. बरगड्या दिसू लागल्या. त्याहून वाईट होती ती शांतता. पूर्वी निदान डाफरायला तरी कुणी होतं! एका संध्याकाळी झऱ्याकाठी मान टाकून तो पडला होता. त्याने हळूच विचारलं, "कुणी आहे का आत?" आतून काहीच आवाज आला नाही. तेव्हा त्याला फार फार एकटं वाटलं, आणि आपण आता मरणार हेही कळलं.

बगळा खाली उतरून जवळ आला. या वेळी शेपटी हलली नाही. "गवत तू फक्त चावायचास," तो म्हणाला. "त्याचं अन्न व्हायचं ते त्यांच्यामुळे. सालीने ते मेले. आता नवे आणायला हवेत."

"कुठून?"

"ज्यांच्या पोटात आहेत त्यांच्या तोंडातून. आणखी कुठून?"

"उष्टं!" रेडा पुटपुटला. बगळा उडून गेला. (आणि मुलांनो, हे ऐकून उद्या हात न धुता ताटावर बसाल, तर माझं नाव सांगू नका. रेड्याची गोष्ट रेड्यापुरती.)

सकाळी तो टेकडी उतरू लागला. कळप कुरणात बसून रवंथ करत होता. तो कडेलाच उभा राहिला, कारण पुढे जायची त्याला लाज वाटत होती.

"काय हो, टेकडीवरचं गवत संपलं वाटतं?" एक तरुण म्हैस म्हणाली.

"गप गं," म्हातारी म्हैस म्हणाली. ती जड पायांनी उठली आणि त्याच्या बरगड्यांकडे पाहत राहिली. मग तिने तोंडातला रवंथाचा घास त्याच्यासमोर गवतावर टाकला. "घे बाळा. उष्टं आहे हो. बघ चालतं का."

रेड्याने घास हुंगला. इतक्यात म्हातारीने त्याचं कपाळ चाटलं, आणि त्याला लहानपणीची आईची खरखरीत जीभ आठवली. त्याचे डोळे भरून आले. त्याने डोळे मिटले आणि तो घास गिळला.

एका घासाने काही वस्ती वसत नाही. म्हातारी रोज त्याला घास देत राहिली. तो तिच्या शेजारी चरू लागला, सगळ्यांच्या डबक्यात लोळू लागला, आणि बगळा त्याच्या पाठीवर खुशाल चिखलाचे पाय घेऊन बसू लागला. तरी पोट गप्पच होतं. रेडा रोज कान देऊन ऐके आणि खाली मान घालून बसे.

मग एका दुपारी, सगळे म्हशी-रेडे सावलीत बसले असताना, त्याच्या पोटात खोल कुठेतरी बारीकशी गुडगुड झाली. शेजारची तरुण म्हैस काहीतरी सांगत होती. "जरा थांब ना," तो तिला म्हणाला. त्याने मान वळवून कान पोटाजवळ नेला.

"बोला," तो हळूच म्हणाला. "मी ऐकतोय."

तात्पर्य : आपल्या पोटात न दिसणारे असंख्य सोबती राहतात आणि त्यांच्याच जिवावर आपण धडधाकट असतो; ज्याला कुणीच नको असतं, तो त्यांनाही गमावतो.