सुट्टीची वडी

११ फेब्रुवारी, रविवार. साडेआठपर्यंत धुकं, नंतर स्वच्छ ऊन. माशाच्या टाकीतलं पाणी एकवीस अंश.

"अकरा दिवस पुरेल ना, बाबा?"

मी वडी इनायतबाबांच्या तळहातावर ठेवली. टेकडीखालच्या दर्ग्याचे ते मुजावर. दर्ग्याच्या हौदात पिढ्यान्‌पिढ्या मासे आहेत. माशांतलं मला जे थोडं कळतं, ते याच हौदाच्या काठावर बसून.

बाबांनी वडी नाकाशी नेली.

"चुना?"

"प्लास्टर. आत खाद्य मळलंय. पाण्यात रोज थोडं विरघळतं, तेवढंच खाद्य सुटतं. बाजारातल्या वडीचा चौथ्या दिवशी चिखल होतो. ही अकरा दिवस टिकते. चौदा वेळा करून पाहिली. आता यात चूक काढून दाखवा."

"निघालात कुठं, पेंटर?"

"अमरावतीला. भाचीचं लग्न."

बाबा हसले. "चार वर्षांत शेजारच्या गावी मुक्काम केला नाहीत. एकदम अमरावती!"

खरं होतं. टाकीतला सोनमासा अक्काचा, माझ्या मोठ्या बहिणीचा. दवाखान्यात जाताना ती म्हणाली, "मी येईपर्यंत सांभाळ." ती आली नाही. तेव्हापासून मी एकही रात्र घराबाहेर काढलेली नाही.

आता तिच्या लेकीचा फोन आला होता. "मामा, मला बोहल्यावर तुम्हीच आणायचं. माशाला विचारून कळवा."

बाबांनी वडी कठड्यावर ठेवली.

"या हौदात आज काय घातलं?"

"मला काय ठाऊक?"

"मलाही नाही. सव्वीस वर्षांत मी एक दाणा घातला नाही."

"लोक घालत असतील."

"'हौदात काही टाकू नये.' पाटी तुम्हीच रंगवलीत की!"

मी पाटीकडे पाहिलं.

"तुमच्या टाकीची काच कोण पुसतं?"

"मीच. दर रविवारी. खिडकीचा पडदासुद्धा बंद असतो. चार वर्षांत एक हिरवा ठिपका धरू दिला नाही."

बाबांनी माझं मनगट धरलं आणि हात हौदात बुडवला. तळवा आतल्या भिंतीवर टेकवला.

शेवाळ. थंड, मऊ. मी हात काढू लागलो. त्यांनी सोडला नाही.

"थांबा."

...

"जरा डावीकडे सरका. त्यांच्या ताटावर सावली पडतेय तुमची," बाबा म्हणाले.

मी सरकलो. भिंतीवर ऊन पडलं.

थोड्या वेळाने त्या हिरव्यातून मोहरीएवढे बुडबुडे सुटू लागले. एक, मग चार, मग सगळी भिंत. जणू दगडाला श्वास फुटला.

मग मासे आले. भिंतीला ओठ लावून चरू लागले. एक माझ्या दोन बोटांच्या मधलं शेवाळ टिपून गेला. घाई कोणालाच नव्हती.

किती वेळ गेला, लिहिता येत नाही. घड्याळ त्याच मनगटावर होतं. ते नऊ वाजून बारा मिनिटांनी बंद पडलं.

"बाबा... हे सगळं रोज होतं?"

"मी पाहायला नसलो तरी."

मी ओला हात बाहेर काढून सदऱ्याला पुसला.

"पण माझी काच आज सकाळीच पुसली," मी म्हणालो. "लख्ख आहे."

"निघायला किती दिवस?"

"नऊ."

"मग पडदा उघडा आणि नऊ दिवस काही करू नका."

"काहीच नाही?"

"जमेल?"



"आणि वडी?"

त्यांनी कठड्यावरची वडी उचलली, फुंकर मारून धूळ उडवली आणि माझ्या सदऱ्याच्या खिशात टाकली.

२ मार्च, शनिवार. निरभ्र, दुपारी वारा. अकरा दिवसांनी घरी आलो. चपला काढायच्या आधी टाकीपाशी गेलो. तीन काचा हिरव्या. चौथीवर, खिडकीकडच्या काचेवर, हिरव्यात नखाएवढ्या स्वच्छ खुणा. माशाचे ओठ जिथं जिथं लागले तिथं. एकशे चाळीसपर्यंत मोजल्या. माशाची लांबी साडेअकरा सेंटिमीटर, गेलो तेव्हा होती तेवढीच.

३ मार्च, रविवार. ढगाळ. काच पुसली नाही. सकाळी दर्ग्यात गेलो. भाचीला बोहल्यावर मी आणलं, ते बाबांना सांगितलं. मासा धडधाकट आहे, तेही सांगितलं.

"आणि वडी?"

"खिशातच होती. सगळे अकरा दिवस. अख्खी आहे."

बाबा हौदाकडे पाहत होते.

"म्हणजे पुरली."