आधी बल्बला विचारू

अवजारं आपसांत बोलत असत, त्या काळची गोष्ट. इलाही मिस्त्रींनी भंगारातून छोटं ड्रिल मशीन बनवलं आणि त्याला वीज पुरवायला ट्रान्सफॉर्मर जोडला.

"अहो, लावा की आता डायरेक्ट!" त्यांची बायको शमीम म्हणाली.

"वायरिंग चुकलं असलं तर ट्रान्सफॉर्मर जळंल. आधी बल्बला विचारू," म्हणत मिस्त्रींनी विजेच्या वाटेत शंभर वॅटचा बल्ब जोडला.

हा बल्ब आजवर दुकानाच्या पाटीवर असायचा. आपण लख्ख पेटलो की माणसं खूश होतात, एवढंच त्याला ठाऊक. बटण दाबताच तो झगझगीत पेटला. मिस्त्रींचा चेहरा पडला. त्यांनी बटण बंद करून जोडण्या तपासल्या, पुन्हा दाबलं. बल्ब आणखी जीव तोडून पेटला आणि मिस्त्रींनी कपाळाला हात लावला.

"पक्कडमावशी, माझं काय चुकतंय?" बल्बने टेबलावरच्या पकडीला विचारलं.

"मला काय विचारतोस? मशीनकडे बघ की जरा."

बल्बने बघितलं. ड्रिल जागचं हललंही नव्हतं. "अरेच्चा! सगळी वीज माझ्याच पोटात जातेय!"

मिस्त्रींनी बटण बंद करून मशीनचं झाकण उघडलं. स्क्रूखाली चेंगरून दोन वायरी एकमेकींना चिकटल्या होत्या. त्या सोडवून त्यांनी टेप गुंडाळली आणि बटण दाबलं.

बल्ब क्षणभर चमकला, मग निखाऱ्यासारखा मंद झाला. ड्रिल हळूहळू फिरू लागलं.

"शमीम, बल्ब मंद झाला, म्हंजी वायरिंग बरोबर. बल्ब हो म्हणाला बघ!"

तेवढ्याशा उजेडात बल्बला मिस्त्रींचं हसू पहिल्यांदाच दिसलं.