मोजेवाल्याची बायको

“...आणि तरी तिनं ते घातले नाहीत. का घातले नाहीत, आक्का?”

वसंतशेठ कोठावदे यांनी हातातली पिशवी मठाच्या ओसरीवर उपडी केली. लोकरीचे, सुती, आतून मऊ लव असलेले... सगळे घरातल्या घरात घालायचे मोजे, सगळे बायकी मापाचे.

निफाडच्या बाजारात शेठचं मोजे-स्वेटरचं दुकान. स्वभाव असा गोड, की भांडायला आलेलं गिऱ्हाईकसुद्धा दोन जोड्या घेऊन हसत परत जायचं. त्या दिवशी मात्र शेठना स्वतःलाच काही समजावता येत नव्हतं.

समोर गंगूआक्का बसल्या होत्या. तरुणपणीच नवरा गेला आणि त्या मठात आल्या, त्या तिथंच म्हाताऱ्या झाल्या. लोक लांबून त्यांना विचारायला यायचे. आक्का बोलायच्या थोडं.

“अनसूया गेली त्याला महिना झाला,” शेठ म्हणाले. “यंदाची थंडी तुम्ही बघितलीत. आमच्या घरात शहाबादी फरशी. सकाळी पाय टेकला की कळ मस्तकात जाते. आणि ही अनवाणी! छातीत कफ धरला, आणि...”

“एकदाही घातले नाहीत?”

“एखादा दिवस घालायची. मग घडी करून कपाटात. हे बघा, प्रत्येक जोडीला बोटांपाशी भोक. मी गिरणीवाल्याशी भांडलो. मग बोटांकडे दुहेरी विणीचे आणले, चांगले घट्ट बसणारे. ते तर तिनं तासाभरात उतरवले. मी गिऱ्हाइकांना म्हणायचो, मोजेवाल्याची बायको अनवाणी, बघा आमची जाहिरात! ती हसायची...”

शेठनी भोक पडलेली एक जोडी आक्कांपुढे सरकवली.

“एवढंच सांगा, आक्का. माझ्यावर राग होता का तिचा? माझ्या हातचं नको होतं का तिला?”

आक्कांनी दुहेरी विणीची एक जोडी उचलली. सावकाश पायांत चढवली. ओसरीच्या टोकापर्यंत चालत जाऊन परत आल्या.

“ऊब आहे. टोचत नाही कुठं. माल चोख आहे, शेठ.”

“मी दुसरं काय म्हणतोय!” क्षणभर शेठच्या तोंडावर दुकानदार उमटला आणि गेला. “मग?”

आक्कांनी विचारलं, “दुकानात बायका स्वतःसाठी नेतात मोजे?”

“लग्नाआधी पोरी नेतात. म्हाताऱ्या नेतात, म्हणजे तुमच्यासारख्या...” शेठनी जीभ चावली. “बाकीच्या नेतात त्या पोरांसाठी, नाहीतर मालकांसाठी.”

“राख सावडायला गेलात तेव्हा काही सापडलं?”

शेठनी बंडीच्या खिशातून कागदाची पुडी काढली. आत चांदीची जोडवी होती. आगीनं काळवंडलेली, वर उंच मणी असलेली.

“नदीत सोडायची होती. हात होईना.”

“घाला.”

“काय?”

“पायात. आणि वरून मोजे.”

“आक्का, मी पुरुष माणूस! कुणी बघितलं तर...”

आक्कांनी एकवार सगळीकडे नजर फिरवली. ओसरीवर दुसरं कुणी नव्हतं.

शेठनी जोडव्यांची तोंडं फाकवली आणि अंगठ्याशेजारच्या बोटांत ती कशीबशी बसवली. दुसरी एक दुहेरी विणीची जोडी वरून ओढली. उठले. चालू लागले.

जाताना ठीक होतं. परत येताना मात्र पाऊल पुरतं टेकेना. घट्ट वीण मण्याला दाबत होती आणि मणी शेजारच्या बोटात रुतत होता. वर मोज्याचाही, नेमका त्याच जागी, धागा उसवायला लागला होता.

खांबाला धरून शेठ खाली बसले. मोजे काढले. बोटावर लाल वळ उठला होता. त्या वळाकडे ते बघतच राहिले.

“एका शब्दानं बोलायचं नाही का तिनं?”

शेठनी धागा उसवलेला मोजा हातात घेतला.

“सैल विणीचे आणले असते मी. सांगितलं असतं तर काय वाटेल ते आणलं असतं... मी अजून घट्ट, अजून घट्ट आणत गेलो.”

त्यांनी मोजा बाजूला टाकला.

“नाहीतर जोडवी काढून ठेवायची! थंडीपुरती. घरातल्या घरात. चांदीचे दोन तुकडे ते. कोण बोलणार होतं तिला? मी बोललो असतो? काय बिघडणार होतं, आक्का?... काय बिघडणार होतं?”

आक्कांनी आपल्या पायांतले मोजे उतरवले. त्यांची बोटं मोकळी होती, कित्येक वर्षांची.

“वय काय तुमचं, शेठ?”

“बहात्तर.”

“तब्येत?”

“देवाच्या दयेनं ठणठणीत. अजून दवाखान्याची पायरी...”

शेठचा हात आपसूक पायातल्या जोडव्यांवर गेला.

मग आक्का वाकल्या. शेठच्या बोटांतली जोडवी त्यांनीच हलक्या हातानं सोडवली, पुडीत बांधली, त्यांच्या मुठीत दिली.

“एवढ्यात नदीत सोडू नका,” त्या म्हणाल्या. “थंडी अजून सरलेली नाही.”