अठरा मिनिटं

"...पण वस्ताद, सगळेच घेतात. मग एकट्यानं न घेता कुस्ती मारायची कशी?"

निवृत्ती खराडेनं विचारलं खरं, पण नजर जमिनीवरून उचलली नाही.

बाबालाल वस्ताद तालमीच्या कट्ट्यावर बसून ताक पीत होते. ऐंशीला टेकलेला माणूस. आजवर त्यांनी कुठल्या पठ्ठ्यावर हात उगारला नव्हता की आवाज चढवला नव्हता. म्हणूनच त्यांच्यापुढं खोटं बोलणं जड जायचं.

सहा महिने निवृत्ती ताकदीच्या सुया टोचून घेत होता. छाती फुगली, दंड शर्टात मावेनात. पंधरा दिवसांपूर्वी मोठ्या मैदानात त्यानं धोंडीराम येडगेला चितपट केलं आणि मानाची गदा मिळवली. गावानं त्याला खांद्यावर घेऊन मिरवलं. आज ती गदा वस्तादांच्या पायांशी ठेवायला आला, आणि ठेवता ठेवता सगळं तोंडातून बाहेर पडलं.

"धोंडीराम पण घेतो?" वस्तादांनी विचारलं.

"नाही... तो नाही घेत. मेंढरांमागं हिंडतो, दूध-भाकरी खातो."

"किती वेळ टिकला तुझ्यापुढं?"

"अठरा मिनिटं."

वस्तादांनी तांब्या खाली ठेवला.

"अठरा..."

ते कट्ट्यावरून पुढं सरकले. मग काठी टेकत उठले.

"गाडी काढ. मला त्याच्या घरी ने. गदा बी घे."

गुडघ्यांपायी वस्तादांनी चार वर्षांत गावची वेस ओलांडली नव्हती.

धोंडीराम बाभळीच्या सावलीत लोकर कातरत बसला होता. वस्तादांना बघताच कातर टाकून धावत आला, पाया पडला.

"तुम्ही कशाला त्रास घेतला, वस्ताद? निरोप धाडला असता तर मीच आलो असतो."

"तुझी पाठ बघायची हाय."

धोंडीरामला काही उमजेना. पण वस्तादांचा शब्द. त्यानं सदरा काढला आणि पाठमोरा उभा राहिला.

वस्तादांनी आपला तळवा त्याच्या मानेपासून कमरेपर्यंत सावकाश फिरवला. मग तोच तळवा निवृत्तीसमोर धरला.

"माती दिसती का कुठं?"

निवृत्तीनं तळव्याकडे बघितलं.

"नाही..."

धोंडीराम सदरा घालत हसला. "आता कशी दिसंल? पण त्या दिवशी चितपट झालो मी, वस्ताद. ह्याच्या पकडीत बरगड्या वाजल्या माझ्या. असली ताकद आजवर बघितली न्हवती. लई घाम गाळला असंल त्यानं."

त्याच्या बोलण्यात कडवटपणाचा लवलेश नव्हता. गावभरच्या मिरवणुकीत जे बोलवलं नव्हतं, ते निवृत्ती आता बोलला.

"धोंडीबा, ती ताकद माझी नव्हती. मी सुया घेत होतो."

मेंढरं चरत होती.

निवृत्तीनं गदा पुढं केली. "ही तुझी. पंचांना आजच जाऊन सांगतो. बंदी घालतील, घालू देत."

धोंडीरामनं गदेकडे बघितलं. हात मात्र पुढं केला नाही.

"पंच देतील तवा घेईन. तुझ्या हातनं नको." तो पुन्हा लोकरीपाशी जाऊन बसला. कातर उचलली, आणि थोड्या वेळानं मान वर न करता म्हणाला, "बंदी सरली की ये मात्र. धरू पुन्हा."

निवृत्ती त्याच्याकडे बघत राहिला. हा गडी त्या दिवशी अठरा मिनिटं एकटाच लढला होता, माणसाशीही आणि औषधाशीही. आणि आज निवृत्तीलाच परत बोलावत होता.

गाडीपाशी आल्यावरही निवृत्तीचा पाय किकवर जाईना.

"वस्ताद, सुया सोडल्या तर अंग उतरंल. चार महिन्यांत अर्धा होईन मी..."

वस्ताद मागच्या सीटवर बसले. काठी मांडीवर आडवी घेतली.

"त्या अर्ध्याला तालमीत धाड. त्याला मी वळखतो."