सारखी इंजिनं

त्या दिवशी कोल्हापुरात ऊन असं होतं, की ट्रॅकचं डांबर चपलेला चिकटत होतं. मुलांच्या नव्या कार्टिंग गटाचा नियम सोपा होता, सगळ्यांची इंजिनं सारखी. तरी गटाचे अध्यक्ष इंगवलेसाहेबांचे चिरंजीव कायम पुढं आणि माझी नात मृण्मयी कायम मागं.

साहेब पंचांना म्हणाले, "इंजिनांत काडीचा फरक नाही. पोरीलाच चालवता येत नाही. काढा तिला गटातून."

मृण्मयी म्हणाली, "काढा की काका. फक्त शेवटच्या शर्यतीला मी तुमच्या मुलाच्या गाडीत बसते, त्याला माझी द्या."

साहेब घाईनं मध्ये पडले. "तसं नको. त्याच्या इंजिनाला त्याच्या हाताची सवय आहे."

पंचांनी तिथंच ठरवलं, यापुढं गाड्या चिठ्ठ्या टाकून वाटायच्या. पोरगी गटात राहिली.

शेजारचे बापू चौगुले मला म्हणाले, "तात्या, इंजिन लई इमानी हो साहेबांचं! आमचा मिक्सर बघा, कुणीही बटण दाबलं की फिरतोय मेला."